स्टॉप लॉस लावत होते, पण हलवत होते: चलन व्यापारातली ही सवय मोडताना

उंबरठा

चलन व्यापार करते त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. स्टॉप लॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीपर्यंत विरुद्ध गेला की ट्रेड आपोआप बंद करणारी ऑर्डर. पहिली दोन वर्षं माझा एकही ट्रेड बिनस्टॉपचा नव्हता, आणि तरीही खातं स्टॉप न लावणाऱ्यांचं रिकामं होतं तसंच रिकामं होत गेलं. लावलेला स्टॉप मी मागे, म्हणजे भावापासून आणखी दूर, सरकवत होते. "स्टॉप लावा, स्टॉप लावा" हे सगळे सांगतात. तो लावल्यानंतर हात कसा आवरायचा याबद्दल मात्र मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

एक ट्रेड जसाच्या तसा सांगते. युरो-डॉलर १.०८५० ला घेतला. स्टॉप १.०८२० ला, म्हणजे ३० पिप (एक पिप म्हणजे भावातला ०.०००१ चा फरक). अर्धा लॉट (व्यवहाराचं माप, पूर्ण लॉट म्हणजे १ लाख युरो) होता, म्हणजे पिपमागे ५ डॉलर. खात्यात ३००० डॉलर. स्टॉप लागला तर १५० जाणार हे माहीत होतं आणि मान्यही होतं, निदान तेव्हा तसं वाटलं.

भाव १.०८२३ पर्यंत आला. स्टॉपची लाल तुटक रेष असते, तिच्यावर माउस नेला की बाणाचा आकार बदलतो. ती रेष मी पकडली आणि १.०८०० वर नेऊन सोडली. एक सेकंद लागला असेल. मनात वाक्य होतं, "खाली आधार आहे, तिथून वळेल." हा आधार, म्हणजे भाव जिथे पडायचा थांबेल अशी पातळी, मला एन्ट्रीच्या वेळी दिसला नव्हता. भाव त्या बाजूला निघाल्यावर दिसला.

मग १.०८०० जवळ आलं तेव्हा रेष १.०७६० ला. तिथेही भाव पोहोचायला लागल्यावर रेष ओढली नाही, काढूनच टाकली. स्टॉप काढल्यावर दोन मिनिटं मला चक्क हलकं वाटलं होतं, हे आजही आठवतं. शेवटी १.०६९० ला मीच ट्रेड बंद केला. १६० पिप, ८०० डॉलर. खातं २२०० वर. तिथून पुन्हा ३००० ला पोहोचायचं तर ३६ टक्के कमवायला हवेत.

या सवयीचं मूळ कुठे होतं ते शोधायला जुने सगळे ट्रेड उपसले. ४१ वेळा स्टॉप मागे सरकवला होता. त्यातल्या २६ वेळा भाव खरंच वळला आणि ठरलेलं नुकसान वाचलं, सरासरी ३० पिप. उरलेल्या १५ वेळा वळला नाही आणि ठरल्यापेक्षा सरासरी ८५ पिप जास्त गेले. वाचले ७८०, गेले १२७५. म्हणजे दर तीनातल्या जवळजवळ दोन वेळा मी "बरोबर" होते आणि एकूण हिशोबात खड्ड्यात. ही सवय सुटत नव्हती ती त्या २६ वेळांमुळे. चुकीच्या वागण्याला बाजाराने इतक्या वेळा बक्षीस दिलं होतं की हात आपोआप त्या रेषेकडे जायचा.

मग बरेच दिवस मनोनिग्रहाचे प्रयोग केले. स्क्रीनला चिठ्ठ्या चिकटवल्या, शपथा घेतल्या. काही टिकलं नाही. शेवटी फरक पडला तो लॉट लहान केल्यावर. १५० डॉलर म्हणजे माझ्या खात्याचे ५ टक्के होते आणि ५ टक्के घालवायची माझी तयारी कधीच नव्हती. एन्ट्रीच्या वेळी तयारी असल्यासारखं वाटायचं, कारण तेव्हा नुकसान हा नुसता आकडा होता. भाव स्टॉपपाशी आला की तो आकडा पैसा व्हायचा आणि हात पुढे व्हायचा.

म्हणून आता क्रम उलटा केला आहे. आधी लॉट ठरवून मग स्टॉप कुठे बसतो ते पाहायचे, ते बंद. आता आधी ठरवते की भाव कुठे गेला तर माझा अंदाज चुकला असं म्हणता येईल. तिथे स्टॉप. एन्ट्रीपासून त्याचं अंतर मोजते. मग खात्याचा १ टक्का त्या अंतराने भागते, आणि पिपमागे किती पैसे लावायचे ते निघतं. २२०० चा १ टक्का २२ डॉलर, अंतर ४० पिप, म्हणजे पिपमागे ५५ सेंट. मायक्रो लॉटला (लॉटचा शंभरावा भाग) पिपमागे १० सेंट, म्हणून ५ मायक्रो लॉट. पूर्वी याच ट्रेडमध्ये मी ५० मायक्रो लॉटइतकी उतरले असते.

बाकी दोनच गोष्टी करते. एन्ट्रीआधी वहीत एक वाक्य लिहायचं, "भाव अमुक ठिकाणी गेला तर मी चुकले, कारण अमुक." कारण लिहिता आलं नाही तर ट्रेड नाही. आणि ऑर्डर लागली की चार्ट बंद.

तुमचे अनुभव लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

कोरापाटी

धागा अगदी वेळेवर आलाय. मी नवीन आहे, पाच महिने झाले. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी स्टॉप हलवत नाही, पण स्टॉप लागतो आणि लगेच भाव माझ्याच दिशेला सुटतो. एकदा-दोनदा नाही, सारखं होतं. परवा युरो-डॉलरला १.१००० ला स्टॉप होता, १५ पिपचा. भाव १.०९९७ ला गेला, मला बाहेर काढलं आणि तिथून ६० पिप वर. ब्रोकर माझे स्टॉप बघून उडवतो का? आणखी एक, एका विक्रीच्या ट्रेडमध्ये (भाव पडेल म्हणून आधी विकलं होतं) चार्टवर भाव स्टॉपपर्यंत पोहोचलाच नव्हता, तरी ट्रेड बंद झाला. याला काय म्हणायचं?

गणितवेडी

कोरापाटी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. प्रत्येक क्षणी भाव दोन असतात, बिड (विकताना मिळतो तो) आणि आस्क (विकत घेताना द्यावा लागतो तो). तुम्ही विकून बसला असाल तर बाहेर पडताना विकत घ्यावं लागतं, म्हणजे तुमचा स्टॉप आस्कवर लागतो. बहुतेक प्लॅटफॉर्मवर चार्ट मात्र बिडचा काढलेला असतो. समजा तुमचा स्टॉप १.०९०० ला आहे, चार्टवरचा उंच बिंदू १.०८९९ आणि स्प्रेड, म्हणजे बिड-आस्कमधला फरक, दीड पिप. आस्क १.०९००५ झाला आणि स्टॉप लागला. चार्टवर तो कधीच दिसणार नाही. सेटिंगमध्ये आस्कची रेष दाखवायची सोय असते, ती चालू करा. आणि न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजता, म्हणजे चलनबाजाराचा दिवस बदलतो तेव्हा, बाजारात खरेदी-विक्री करणारे थोडे उरतात आणि स्प्रेड काही मिनिटं बराच फुगतो. त्या वेळेला जवळचा स्टॉप घेऊन बसू नका, विशेषतः विक्रीच्या बाजूला.

आता १.१००० बद्दल. तुमचा स्टॉप कोणी वैयक्तिकरीत्या हेरत असेल असं समजायची गरज नाही, कारण तो जिथे होता तिथे गर्दीच होती. कॅरल ऑस्लर या संशोधक बाईंनी एका मोठ्या बँकेकडे आलेल्या चलनाच्या हजारो ऑर्डरी तपासल्या होत्या. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं असं की नफा काढून घ्यायच्या ऑर्डरी अगदी गोल आकड्यावर गोळा होतात, आणि स्टॉप लॉसच्या ऑर्डरी गोल आकड्याच्या किंचित पलीकडे. विकणारे स्टॉप आकड्याच्या जरा खाली, घेणारे स्टॉप जरा वर. त्यामुळे भाव गोल आकड्यापाशी बरेचदा वळतो, पण आकडा ओलांडला तर झपकन पुढे जातो, कारण एक स्टॉप लागला की त्याच्या धक्क्याने पुढचा लागतो.

तुमचा भाव १.०९९७ पर्यंत जाऊन फिरला, म्हणजे ह्या गर्दीच्या उंबरठ्यावर डोकावून परत आला. १.१००० ला स्टॉप लावणं म्हणजे भर चौकात उभं राहणं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १५ पिप कुठून आले? "मला एवढंच परवडतं" म्हणून आले असतील तर बाजाराला त्याच्याशी देणंघेणं नाही. युरो-डॉलर काहीही बातमी नसताना एका तासात १५ पिप इकडेतिकडे करतो. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला एटीआर नावाचा निर्देशांक आहे, भाव सरासरी किती हलतो ते तो सांगतो. तुम्ही ज्या कालावधीच्या चार्टवर काम करता त्याचा एटीआर पाहा. तुमचा स्टॉप त्याच्याहून लहान असेल तर तो तुमचा अंदाज तपासतच नाही, नुसत्या खळखळाटात वाहून जातो.

आता उंबरठा यांच्या १ टक्क्याबद्दल. मी आकड्यांची माणूस, म्हणून आकडे देते. लागोपाठ दहा ट्रेड हरलात, दर वेळी उरलेल्या खात्याचा १ टक्का गेला, तर शेवटी ९०.४ टक्के खातं शिल्लक राहतं. ५ टक्क्यांनी गेलात तर ५९.९ टक्के. १० टक्क्यांनी गेलात तर ३४.९ टक्के. लागोपाठ दहा हरणं विरळा असेल, पण पाच हरणं नाही. तुमचे शंभरातले ४० ट्रेड यशस्वी होत असतील तर कोणतेही पुढचे पाच ट्रेड सलग हरायची शक्यता ७.८ टक्के आहे. वर्षभर काम करणाऱ्याला हे अनेकदा बघावंच लागतं. तेव्हा हात स्थिर राहील एवढाच लॉट हवा.

तळटीप

थोडा विरोधी सूर लावतो. मी सहा वर्षं स्टॉप लॉसशिवाय काम करतोय आणि अजून टिकून आहे. स्टॉप म्हणजे बाजाराला आपला पत्ता देणं. शिवाय स्टॉप ही हमी नाहीच. भाव तिथे पोहोचला की ती बाजारभावाची ऑर्डर होते, पुढे मिळेल तो भाव घ्यावा लागतो. मग त्या रेषेवर एवढा जीव कशाला टाकायचा? मी लीव्हरेज, म्हणजे खात्यातल्या पैशांच्या अनेक पट मोठा व्यवहार करायची मुभा, घेत नाही. खात्यात जेवढे पैसे तेवढीच पोझिशन (उघडा ठेवलेला व्यवहार). युरो-डॉलर माझ्याविरुद्ध ५ टक्के गेला तर माझे ५ टक्केच जातात, आणि तेवढं जायलाही त्याला बहुधा काही आठवडे लागतात. मला विचार करायला वेळ मिळतो. स्टॉपच्या शिस्तीचं जे स्तोम आहे ते खरं म्हणजे लीव्हरेजच्या हव्यासावरचं मलम आहे.

उंबरठा

तळटीप, तुमच्या म्हणण्यातला बराच भाग मला मान्य आहे. मी लॉट लहान केला म्हणजे तुमच्याच दिशेने चालत आले. पण एक अडचण दिसते. भाव विरुद्ध गेल्यावर जो वेळ मिळतो त्यात आपण खरंच विचार करतो का? मी तरी त्या वेळात कारणं गोळा करत होते. १.०८०० चा आधार मी असाच शोधला होता. एन्ट्रीआधीची मी आणि नुकसानीत बसलेली मी, या दोघींपैकी पहिलीवर माझा जास्त विश्वास आहे. निर्णय तिने घेऊन ठेवावा म्हणून स्टॉप.

जुनाखलाशी

तळटीप म्हणतात स्टॉप ही हमी नाही. ते किती खरं आहे ते मी अंगावर घेतलेलं आहे, म्हणून लिहितो. आणि त्यातून तुमच्याहून उलट निष्कर्षाला का आलो तेही.

स्विस नॅशनल बँकेने ६ सप्टेंबर २०११ ला जाहीर केलं होतं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, त्यासाठी लागेल तेवढं परकीय चलन विकत घेऊ. तीन वर्षं ते पाळलंही. आमच्यासारख्यांना तो आयुष्यातला सर्वांत सोपा ट्रेड वाटायचा. १.२० च्या जरा वर युरो घ्यायचा, जरा खाली स्टॉप ठेवायचा, खाली साक्षात मध्यवर्ती बँक उभी. मी १.२०१२ ला घेतला होता, स्टॉप १.१९९० ला. २२ पिप. दोन मिनी लॉट (मिनी म्हणजे लॉटचा दहावा भाग), म्हणजे ठरलेलं नुकसान ४४ फ्रँक.

१५ जानेवारी २०१५, स्वित्झर्लंडमध्ये सकाळचे साडेदहा. बँकेने जाहीर केलं की ती मर्यादा काढून टाकली. मी स्क्रीनसमोरच होतो. भाव १.२०१० च्या आसपास होता, मग आकडा गोठला, मग अंक बदलले ते एकेक पिपने नाही, शेकड्याने. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्या खाली. १.१९९० ला घेणारं कोणी नव्हतंच, त्यामुळे माझा स्टॉप लागायला कोणी मिळालं ते १.०५९० ला. १४२२ पिप. ४४ फ्रँकच्या जागी २८४४. त्या दिवशी कित्येकांची खाती शून्याखाली गेली, म्हणजे भरलेले पैसे जाऊन वर ब्रोकरचं देणं झालं. काही ब्रोकर कंपन्याही बुडाल्या.

आता तळटीप म्हणतील, बघा, स्टॉपचा काय उपयोग झाला. पण माझ्या ओळखीत ज्याने स्टॉप लावला नव्हता तो "परत येईल" म्हणून थांबला. युरो-फ्रँक पुन्हा १.२० ला टेकला तो एप्रिल २०१८ मध्ये. तीन वर्षांहून जास्त. तोवर लीव्हरेजवर कोण बसू शकतं? तुमच्यासारखा लीव्हरेजशिवाय असता तर बसला असता हे मान्य, पण तीन वर्षं पैसा अडकलेला, आणि रोज मनात तोच एक ट्रेड.

मी त्या दिवशी शिकलो ते असं. स्टॉप रोजच्या लाटांसाठी आहे, वादळासाठी लॉट आहे. स्टॉप जवळ आहे म्हणून लॉट वाढवायचा नाही. २२ पिपचा स्टॉप आणि १ टक्क्याचं गणित केलं तर लॉट बराच मोठा निघतो. गणितवेडी ताईंचं गणित बरोबर आहे, पण त्यावर एक वरची मर्यादा हवीच. मी असं विचारतो: भाव एका झटक्यात ५ टक्के सरकला आणि स्टॉप हवा तिथे लागलाच नाही, तर खातं शिल्लक राहील का? उत्तर नाही असेल तर लॉट कमी.

आणि हे फक्त फ्रँकचं नाही. ७ ऑक्टोबर २०१६ ला आशियातल्या पहाटे पाउंड डॉलरसमोर काही मिनिटांत सुमारे ९ टक्के कोसळला आणि बराचसा परत वर आला. ३ जानेवारी २०१९ ला येनच्या बाबतीत असंच झालं, जपानमध्ये सुट्टी होती, बाजार पातळ होता. जगातल्या सर्वांत मोठ्या चलनजोड्या होत्या या. मोठी घोषणा ठरलेली असेल, किंवा शुक्रवारी बाजार बंद होत असेल, तर मी पोझिशन अर्धी करतो. सोमवारी भाव कुठे उघडेल त्यावर स्टॉपची सत्ता चालत नाही.

गणितवेडी

खलाशीदादा, वरच्या मर्यादेचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या प्रतिसादात तो यायला हवा होता.

याला जोडून एक, विशेषतः नवीन लोकांसाठी. लीव्हरेजची मर्यादा देशोदेशी वेगळी आहे आणि ती उगाच घातलेली नाही. युरोपातली नियामक संस्था एस्मा हिने १ ऑगस्ट २०१८ पासून सामान्य ग्राहकांना प्रमुख चलनजोड्यांवर ३० पटीहून जास्त लीव्हरेज द्यायला बंदी घातली, आणि खातं शून्याखाली जाऊ नये याची जबाबदारी ब्रोकरवर टाकली. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की अशा सीएफडी (प्रत्यक्ष वस्तू न घेता फक्त भावातल्या फरकावर केलेला करार) खात्यांपैकी ७४ ते ८९ टक्के खाती सहसा तोट्यात जातात. जपानमध्ये मर्यादा २५ पट आहे, अमेरिकेत प्रमुख जोड्यांवर ५० पट. कुठे ५०० पट लीव्हरेज मिळतंय म्हणून खूश होण्याआधी हे आकडे आठवावेत. तुमच्या ब्रोकरकडे खातं उणे होण्यापासून संरक्षण आहे का ते करारात वाचा. काही ठिकाणी थोडे जास्त पैसे घेऊन हमीचा स्टॉपही देतात, तो खरोखर ठरल्या भावाला लागतो. मोठ्या घोषणेच्या आधी पोझिशन ठेवायचीच असेल तर तो पर्याय बघावा.

रात्रपाळी

सगळ्यांचं वाचतोय, फार कामाचं आहे. एका गोष्टीवर अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. स्टॉप लागल्यानंतरची पहिली दहा मिनिटं.

मी स्टॉप हलवत नव्हतो. लागू द्यायचो आणि मला वाटायचं मी शिस्तीचा माणूस. पण लागला की लगेच त्याच जोडीत पुन्हा शिरायचो, बहुतेक वेळा मोठ्या लॉटने. म्हणजे एकच ट्रेड चार तुकड्यांत हरायचो. स्टॉप हलवणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय? ते रेष सरकवतात, मी नवीन रेष काढत होतो. हिशोब तोच.

शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये दाखवलं की माणूस नफ्यातली गोष्ट घाईने विकतो आणि तोट्यातली धरून ठेवतो. पुढे १९९८ मध्ये ओडीन यांनी १०,००० खात्यांच्या नोंदींवरून तेच दाखवलं. ते शेअरबाजाराचे अभ्यास आहेत, चलनाचे नाहीत, पण माणूस तोच. तोटा कागदावर आहे तोवर तो झालाच नाही असं वाटतं, आणि स्टॉप लागला की तो पक्का होतो. तो पक्का झाल्याचा जो ओरखडा उठतो तो लगेच पुसावासा वाटतो, म्हणून पुढचा ट्रेड.

मी केलं ते असं. स्टॉप लागला की खुर्चीवरून उठायचं. अर्धा तास त्या खोलीत यायचं नाही. दिवसात दोन स्टॉप लागले की त्या दिवसाचं काम संपलं, कितीही सुंदर संधी दिसली तरी. पहिला महिना फार जड गेला. दाराशी उभा राहून घड्याळ बघायचो.

कोरापाटी

खूप आभार सगळ्यांचे. अजून एक विचारतो. नफ्यात आल्यावर स्टॉप एन्ट्रीच्या भावावर आणून ठेवावा म्हणतात, म्हणजे मग काळजी नाही. मी १० पिप नफा दिसला की तसं करतो. पण मग बहुतेक ट्रेड शून्यावरच सुटतात.

उंबरठा

कोरापाटी, ह्यात मीही वर्षभर अडकले होते. स्टॉप मागे न्यायची सवय सुटल्यावर मी तो फार लवकर पुढे आणायला लागले. वरून ते शिस्तीसारखं दिसतं. मुळात तीच भीती असते, पैसा जाताना बघवत नाही. तुमची एन्ट्री तुम्हाला माहीत आहे, बाजाराला नाही. १० पिप वर जाऊन भावाने पुन्हा तुमच्या एन्ट्रीपर्यंत येणं अगदी रोजचं आहे, आणि तुम्ही तिथेच दार लावून बसता.

मी आता स्टॉप पुढे आणते तो फक्त चार्टवर काहीतरी नवीन घडलं तर. वरच्या दिशेचा ट्रेड असेल तर भाव नवा उंचवटा करून, थोडा मागे येऊन, पुन्हा वर निघाला की त्या मागे आलेल्या तळाच्या खाली. स्टॉप एन्ट्रीवर आणायला काही कारण असेल तर तेही वहीत लिहिते. "भीती वाटली" असं एकदा प्रामाणिकपणे लिहिलं होतं, त्याचा फार उपयोग झाला, कारण त्या आठवड्यात तेच वाक्य तीनदा लिहायची वेळ आली. लॉट पाहिला तर पुन्हा वाढलेला होता.

तळटीप

खलाशी यांचा २०१८ चा मुद्दा दोन दिवस डोक्यात राहिला. माझ्या खात्यातही एक डॉलर-येनची पोझिशन आहे जी मी सात महिने सांभाळतोय. आज वहीत लिहून काढलं की ती अजून का ठेवली आहे. चार ओळी लिहिल्या आणि चारही ओळी एन्ट्रीनंतर सुचलेल्या आहेत. स्टॉपबद्दल माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, लीव्हरेज न घेणं हेच मला अजूनही पहिलं वाटतं. पण "कुठे चुकलो असं मानीन" हे मी कधी लिहिलं नव्हतं, ते आता लिहिणार. ती पोझिशन आज बंद केली.

जुनाखलाशी

तळटीप, तुमच्या या प्रतिसादाबद्दल मनापासून आदर वाटला. सात महिन्यांची पोझिशन सोडणं सोपं नसतं.

कोरापाटी

सहा आठवड्यांनी परत येतोय, कारण इथे इतका वेळ देऊन लिहिलंत तर पुढे काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

२२ ट्रेड केले. स्टॉप एटीआरहून मोठा, गोल आकड्यापासून दूर, आणि १ टक्क्याचा नियम. १३ हरले, ९ जिंकले. ९ मधून १४ टक्के आले, १३ मध्ये १६ टक्के गेले. खातं २ टक्के खाली आहे. पूर्वी एवढं एका दुपारी जायचं, म्हणून मला वाईट वाटत नाहीये.

एक प्रसंग सांगतो. पाउंड-डॉलरमध्ये विकून बसलो होतो. चार्ट बंद होता, नंतर उघडून पाहिलं तर स्टॉप लागला होता, अवघ्या दोन पिपने, आणि तिथून भाव ९० पिप खाली, माझ्याच दिशेला. पूर्वी असं झालं की दिवसभर डोकं भणभणायचं. या वेळी वहीतलं वाक्य वाचलं, "भाव इथे गेला तर मी चुकलो, कारण कालचा उंचवटा मोडला." तो मोडला होताच. मग रात्रपाळी यांचा अर्धा तास पाळला. नंतर परत बसलो तेव्हा त्या जोडीत शिरावंसं वाटलं नाही.

फक्त एका ट्रेडमध्ये मी स्टॉप मागे घेतला. १३ पैकी १२ मध्ये बरोबर १ टक्का गेला आणि त्या एकात ४ टक्के. तो एक नीट सांभाळला असता तर आज खातं १ टक्का वर असतं. का हलवला ते मला अजून नीट कळलेलं नाही. बाकी २१ वेळा हात गेलाच नाही आणि त्या एकदाच गेला.

उंबरठा

कोरापाटी, फार छान नोंदी ठेवल्यात. त्या एका ट्रेडचा लॉट किती होता ते वहीत बघाल का?

कोरापाटी

आत्ता पाहिलं. दुप्पट होता. त्याआधी सलग तीन ट्रेड जिंकलो होतो.